प्लॅन वाचताना

आज संध्याकाळी टेराफॉर्मचा प्लॅन, म्हणजे काय काय बदलणार याची आधीच मिळणारी यादी, ओळ न ओळ वाचला. बदल किरकोळ वाटत होता, पण कुबरनेटिस क्लस्टरच्या एका नोड पूलपुढे, म्हणजे यंत्रांच्या गटापुढे, ‘मस्ट बी रिप्लेस्ड’ असं आलं होतं. म्हणजे चालू यंत्रं पाडून नवी उभी राहणार. त्यांच्यावरची कामं आधी दुसरीकडे हलवली नाहीत, तर सेवा बंद पडणार. हे सगळं एकही यंत्र हलण्याआधी कळतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

कुबरनेटिस आणि टेराफॉर्म, दोन्ही २०१४ साली लोकांसमोर आले. दोघांचा विचार एकच: काय हवं ते लिहा, तिथवर पोहोचणं यंत्रणेचं काम. फरक पहाऱ्याचा आहे. कुबरनेटिस सतत पाहत असतं, एखादा पॉड (कंटेनरचा गट) पडला की दुसरा उभा करतं. टेराफॉर्म आपण चालवू तेव्हाच पाहतं. कुणी घाईत क्लाउडच्या कन्सोलवरून हाताने काही बदललं, तर पुढचा प्लॅन निघेपर्यंत लिहिलेलं एक आणि चालू असलेलं दुसरंच. त्यामुळे काही बदलायचं नसलं तरी रोज एकदा प्लॅन चालवावा, असं माझं ठाम मत आहे.

क्लस्टर एका स्टेटमध्ये (काय उभं केलंय याची टेराफॉर्म ठेवतं ती नोंद), त्यावरची अ‍ॅप्लिकेशन्स दुसऱ्यात, हेही तितकंच महत्त्वाचं. एकत्र ठेवली आणि क्लस्टरच बदललं, तर अ‍ॅप्लिकेशन्सशी बोलायचा रस्ताच तुटू शकतो.

आणि नव्याने शिकणाऱ्यांनो, स्टेट फाइल गिटमध्ये टाकू नका. तिच्यात पासवर्ड उघडे असू शकतात. ती लॉक होणाऱ्या, मोजक्याच माणसांना प्रवेश असलेल्या सामायिक जागी ठेवा.