जीन्सला काठ

दुकानातली जीन्स कंबरेच्या मापाने विकली जाते. कंबर २८, ३०, ३२ अशी वाढत जाते, पायाची आतली लांबी मात्र बहुतेक वेळा ३२ इंचांच्या आसपास ठेवलेली असते, कारण जास्तीचं कापड कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. पाच फूट उंचीच्या बाईला २७ इंच पुरतात. म्हणजे सोलापूरच्या नवी पेठेतून घरी आणलेली बरीचशी जीन्स अंगावर चढण्याआधी कुणाच्या तरी हाताखालून जावी लागते.

असे हात सोलापुरात घरोघरी आहेत. १८७७ साली इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. तिलाच गाव पुढे जुनी मिल म्हणू लागलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग आणि मग यंत्रमाग चालवले, इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि शालेय गणवेशांच्या शिलाईने शहरात आपली जागा केली. कारखान्यात दिवसभर एकच शिवण मारणारी बाई संध्याकाळी घरच्या मशीनवर शेजारच्या मुलाची पँट आखूड करून देते, यात इथे कुणाला काही विशेष वाटत नाही.

डेनिमशी मात्र गणवेशाच्या कापडासारखं वागून चालत नाही. त्याची वीण तिरकी असते: आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि तीन उभ्या धाग्यांखालून जातो. त्यामुळे वरच्या बाजूला निळा ताणा दिसतो आणि आतल्या बाजूला पांढरा बाणा. ताणा निळीत रंगवताना रंग सुताच्या बाहेरच्या थरावरच बसतो, गाभा पांढरा राहतो. घासलं जाईल तिथे पांढरं उघडं पडतं, आणि जीन्सचं जे काही सौंदर्य म्हणून सांगितलं जातं ते या अर्धवट रंगण्यातूनच येतं. नवी जीन्स मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की रंग पक्का होतो, असं अनेक घरांत सांगतात. निळीवर मिठाचा काही उपयोग होत नाही. ती पाण्यात विरघळत नाही, घासून सुटते.

हा मुळात कष्टाचा कपडा. मुंबईच्या डोंगरीतून जाणारं जाडंभरडं सुती कापड खलाशांच्या विजारींसाठी वापरलं जात होतं. पुढे अमेरिकेत, नेव्हाडातल्या रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने खिशांच्या फाटणाऱ्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्याबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. भारतातल्या लहान शहरांशी जीन्सची गाठ घालून देणाऱ्या गोष्टींत अहमदाबादच्या अरविंद मिलचा एक प्रयोग लक्षात राहण्यासारखा आहे. १९९०च्या दशकात तिने 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेली जीन्स विकायला काढली. पाकिटात डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायचा बिल्ला. शिवायचं गावातल्या शिंप्याने. ती जीन्स मापानेच शिवली जायची, त्यामुळे खालून कापण्याचा प्रश्नच नव्हता. तयार जीन्स सगळीकडे मिळू लागली तसा तो पुन्हा उभा राहिला.

कापण्याआधी जीन्स निदान एकदा, शक्यतो दोनदा धुवावी. कापड आटतं ते उभ्या धाग्यात, म्हणजे नेमकं लांबीतच. नंतर नेहमीच्या चपला घालून सरळ उभं राहायचं आणि मापाची खूण दुसऱ्याने करायची. स्वतः वाकून केलेली खूण नेहमी चुकते, कारण वाकताना पाय वर ओढला जातो. खुणेसाठी टेलर चॉकपेक्षा अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी बरी. गडद निळ्यावर ती ठळक उठते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. खुणेखाली सव्वा इंच माया ठेवून कापायचं, दोनदा दुमडायचं, इस्त्री फिरवायची. इथवर काहीच अवघड नाही.

अवघड जागा एकच, आतल्या शिवणीची. तिथे दोन कापडं एकमेकांत अडकवून शिवलेली असतात, म्हणजे चार पदर. ते दुमडीत तिप्पट होतात आणि सुईसमोर बारा पदरांचा उंचवटा येतो. घरगुती मशीन तिथे अडखळतं, टाके सोडतं, सुई मोडते. शिंपी हा उंचवटा हातोडीने ठेचून घेतात. घरी खलबत्त्याचा बत्ता तेच काम करतो, खाली जुनी पाटी किंवा फरशीचा तुकडा घ्यावा. सुई १६ किंवा १८ नंबरची लागते. उंचवट्याजवळ आल्यावर फुटाच्या मागच्या बाजूला दुमडलेल्या कापडाचा तुकडा सरकवला की फूट सपाट राहतो आणि टीप सरळ जाते. अगदी जाड ठिकाणी पाय पेडलवरून काढून चाक हाताने फिरवावं. दोरा गेरूकडे झुकणारा नारिंगी घेतला तर मूळ शिलाईशी जुळतो. मशीन नसेल तर तुरपाई करू नये. तिच्या सैल टाक्यांत जीन्स चढवताना पायाचं बोट अडकतं. मेण फिरवलेल्या दुहेरी दोऱ्याने उलटी टीप घालावी. अंगुस्तान हवंच, आणि बारा पदरांतून सुई ओढायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिमटीत धरावा.

कंपनीची मूळ कड राखून आखूड करण्याची रीतही आहे: कड वर घेऊन तिच्या अगदी खालून टीप मारायची आणि जास्तीचं कापड आत लपवायचं. दुकानाबाहेर बसणारे अल्टरवाले गिऱ्हाइकाला हीच रीत सुचवतात. तिचं एवढं कौतुक का, हे कोडं आहे, कारण पुढे कधी भरतकाम करायचं ठरलं तर त्या जाड काठावर सुई चालत नाही.

लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्या जीन्सचं कापड कापत नाहीत. आत तीन-चार इंच दुमडून ठेवतात आणि मूल वाढेल तसं उसवून खाली सोडतात. शाळेच्या पँटीचीही हीच पद्धत, पण तिथे उसवल्याची खूण फार उठून दिसत नाही. डेनिमवर ती लपतच नाही. जिथे दुमड होती तिथे नीळ झिजलेली असते आणि पायाभोवती खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटते. दर वर्षी एक. घरच्या जीन्सवर भरतकाम यायला याहून चांगलं निमित्त नाही. रेघेवरून साखळी टाक्याची एक ओळ घातली की ती काठ होते. दुसऱ्या वर्षी दुसरी रेघ, दुसरा रंग. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर शिकलेले धावदोरा, साखळी, गहू, गाठीचा टाका एवढे टाके त्याला पुरतात.

मुलगी कॉलेजात गेली की भरतकाम झाकण्यासाठी नव्हे तर दाखवण्यासाठी होऊ लागतं. यात नवीन काही नाही. अमेरिकेतल्या तरुणांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जीन्सवर फुलं आणि पक्षी भरले, आणि १९७३-७४ मध्ये लेव्हीज कंपनीने अशा सजवलेल्या जीन्सची स्पर्धाच घेतली. सोलापूरचं वेगळेपण असं, की इथे हाताशी दोन अगदी भिन्न परंपरा आहेत.

पहिली कसुती. ती धारवाडकडची, काळ्या चंद्रकळेच्या इरकलीवर गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती काढणारी. कन्नड बोलणाऱ्या घरांबरोबर ती दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडेही ओळखीची आहे. तिच्यात नक्षी छापत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाका घालतात, आणि डेनिमवर नेमकं हेच नडतं. तिरक्या विणीत धागे सहज मोजता येत नाहीत, शिवाय उभे धागे आडव्यांपेक्षा दाट असल्याने मोजून काढलेलं गोपुर बसकं किंवा लांबोडकं होतं. उपाय जुनाच आहे. क्रॉस स्टिचसाठी मिळणारं मॅटीचं कापड जीन्सवर टाचायचं, त्याच्या घरांवर मोजून दोन्ही कापडांतून टाके घालायचे आणि शेवटी मॅटी ओली करून तिचा एकेक धागा ओढून काढायचा. वेळखाऊ काम, पण त्याचं फळ मोठं आहे. कसुतीच्या गवंती टाक्यात दोरा जातो तसाच परत येतो, गाठ मारत नाहीत, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. जीन्स खालून दोन बोटं बाहेर दुमडून घालणाऱ्यांची उलटी बाजूच लोकांना दिसते. तिथे कसुतीइतका चोख टाका दुसरा नाही. अशी नक्षी काढायची तर पट्टी न दुमडता कापडाची कड काज टाक्याने बांधून घ्यावी, म्हणजे दुमडल्यावर मागची बाजू मोकळी राहते.

दुसरी परंपरा बंजारा तांड्यांची. सोलापूरजवळ मुळेगाव तांडा आहे, जिल्ह्यात आणखीही तांडे आहेत. बंजारा बायकांच्या फेटिया आणि काचळीवरचं, म्हणजे घागरा-चोळीवरचं, काम मुळातच जाड सुती कापडावरचं: ठसठशीत साखळ्या, भिंगं, कवड्या. इथे मोजणीचा जाच नाही, सुईला जाड कापडाची सवय आहे आणि रंग निळ्यावर बिनदिक्कत बोलतात. डेनिमला कसुतीपेक्षा बंजारा काम जास्त मानवतं, हे दोन्ही करून पाहणारं कुणीही कबूल करील. अडचण भिंगांची. गुडघ्यावर आणि बसण्याच्या जागी ती टिकत नाहीत, कवड्या वॉशिंग मशीनमध्ये फुटतात. म्हणून भिंगं बाहेरच्या शिवणीलगत, मांडीपासून खाली घ्यावीत आणि मागच्या खिशावर खणाचा तुकडा लावून त्याच्या कडेने नुसते टाके घालावेत.

पायाची नळी अरुंद असल्याने भरतकामाची रिंग आत शिरत नाही. अशा वेळी बाहेरची शिवण खालून सहा-सात इंच उसवावी, काम सपाट करावं आणि पुन्हा शिवावी. आतली उसवू नये, तिचे पदर पुन्हा तसे बसवणं घरच्या मशीनचं काम नाही. दोऱ्याची लडी सहा पदरी असते. रुमालाला दोन पदर घेतात, डेनिमवर तीनपेक्षा कमी घेतले तर टाका विणीत बुडतो. भरीव टाका बोटाच्या पेरापेक्षा लांब नको, बसल्या-उठल्या अडकतो. पांढरा दोरा न धुतलेल्या जीन्सवर घातला तर पहिल्याच धुण्यात निळसर होतो. इस्त्री उलट बाजूने करायची आणि खाली जाड टॉवेल घालायचा, म्हणजे उठावदार टाके त्यात रुततात, चपटे होत नाहीत. टॉवेलची ददात या गावात नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की जीन्स घालणंच बंद होतं. हे काम करायला तेच महिने बरे.

गुडघा विरला की आतून तुकडा लावून वरून धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालतात. जपानी साशिको ती हीच, निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची, आणि आपल्या वाकळेचा टाकाही हाच. शेवटी जीन्स मांडीत फाटते. तिथे ठिगळ टिकत नाही, कारण ताण सतत बदलतो. मग पाय कापून बाजाराच्या पिशव्या होतात, कमरेचा भाग चेन आणि बटणांसाठी ठेवला जातो. वाकळेत सहसा जीन्स घालत नाहीत, हाताची सुई तिच्या थरांतून सहज जात नाही. भरलेला काठ मात्र वरच्या कापडासकट पट्टीने कापून घ्यावा. तो धुऊन मऊ झालेला असतो, आटायचा तेवढा आटलेला असतो, आणि पुढची जीन्स आखूड पडली तर तिच्या खाली जसाच्या तसा जोडता येतो.