शेपटी, मणी आणि शनिवारची मालिका

मूल सहावी-सातवीत गेलं की घरात एक बदल होतो. कालपर्यंत शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आत सगळं सांगणारा मुलगा आता ‘काही नाही’ म्हणू लागतो. आज काय झालं? काही नाही. डबा का उरला? काही नाही. या ‘काही नाही’च्या आत मात्र बरंच काही असतं, आणि ते आईऐवजी एका मित्राला ठाऊक असतं. हे वयच तसं आहे. धड लहान नाही, धड मोठं नाही. आईबापांची जागा हळूहळू मित्र घेतो, आणि तोच मित्र रुसला तर सारं जग रुसल्यासारखं वाटतं.

आमच्या घरी हे पर्व होसकोट्यात आलं. ह्यांची नोकरी इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. बेंगळुरूपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे गाव. होसकोटे म्हणजे नवा कोट. मोठा तलाव, अविमुक्तेश्वराचं जुनं देऊळ, आणि रविवारी पहाटे अंधारात बिर्याणीसाठी बेंगळुरूहून येणाऱ्या गाड्यांच्या रांगा! आम्ही कराडहून इथं आलो तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना ऐकवलं, “आम्ही काही परके नाही हो. १६३८ नंतर बेंगळुरू, कोलार, होसकोटे ही सगळी शहाजीराजांची जहागीर होती.” शेजाऱ्यांना मराठी कळलं नाही, पण त्यांनी चहा दिला.

चिरंजीव तेव्हा पाचवीत. कन्नडचा गंध नाही. पहिले दोन महिने तो वर्गात मुका बसून येई. मग एक दिवस त्याच्या तोंडून ‘मच्चा’ हा शब्द ऐकला. इथली पोरं दोस्ताला मच्चा म्हणतात. म्हटलं, चला, कुणीतरी भेटलं! तलावाच्या बाजूला राहणारा एक काळासावळा, काटक मुलगा दुसऱ्या दिवशी दारात उभा होता. वडील मालवाहू रिक्षा चालवतात, आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तो सासूबाईंना ‘अज्जी’ म्हणाला आणि चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवून आत आला. सासूबाईंनी तिथंच त्याला पास केलं.

त्यानं आमच्या मुलाला कन्नड शिकवलं. वर्गात कुठं हसायचं, कुठं गप्प बसायचं, कोणत्या सरांपुढे वही झाकायची, हेही शिकवलं. बदल्यात आमच्या मुलानं त्याला गणितात हात दिला. दोन वर्षांत दोघं इतके एकजीव झाले की एकाला हाक मारली तर दोघं येत.

सातवीच्या वर्षी ह्यांनी घरात एक नियम केला. शनिवारी संध्याकाळी मोबाइल बाजूला, आणि सगळ्यांनी मिळून एकच काहीतरी पाहायचं. काय पाहायचं यावर वाद झाला. शेवटी सासूबाईंच्या आग्रहाखातर ‘मालगुडी डेज’ लागलं. ही मालिका १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा माझ्या पिढीतली मुलं तिच्या गुणगुणण्याच्या सुरावर घरात धावत येत. आता ती जुनी मालिका हवी तेव्हा पाहता येते.

आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ हे पुस्तक १९३५ साली लंडनमध्ये छापलं गेलं. पण मालगुडी हे गाव त्यांना सुचलं ते इथं बेंगळुरूत, १९३० च्या दसऱ्याला. नवी वही घेऊन ते लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आधी एक छोटं रेल्वे स्टेशन उभं राहिलं. त्यामागून गाव आलं, आणि गावात स्वामी आला. स्वामी फर्स्ट फॉर्ममध्ये शिकतो, म्हणजे आजच्या हिशेबाने सहावीत. गणित नकोसं, सोमवार नकोसा, वडिलांचा धाक आणि आजीच्या कुशीत गोष्टी. आता सांगा, ही गोष्ट कोणत्या घरातली नाही?

मालिका केली शंकर नाग यांनी. मूळचे उत्तर कन्नड जिल्ह्यातले, तरुणपणी मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेले. मास्टर मंजुनाथ स्वामी झाला, गिरीश कर्नाड त्याचे वडील, वैशाली कासारवळ्ळी आई. चित्रं नारायण यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. चित्रण शिमोगा जिल्ह्यातल्या पावसाळी आगुंबे गावात झालं. तिथला ‘दोड्डमने’ नावाचा चौकाचा जुना वाडा म्हणजे स्वामीचं घर. अरसाळू नावाच्या लहानशा स्टेशनचं मालगुडी स्टेशन झालं होतं. तिथली जुनी इमारत २०२० साली मालगुडी संग्रहालय म्हणून खुली केली आहे. शंकर नाग १९९० मध्ये अपघातात गेले, वय अवघं पस्तीस. त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांच्या पुढाकारानं २००४ साली बेंगळुरूत ‘रंगशंकर’ हे नाट्यगृह उभं राहिलं.

गंमत अशी, की कर्नाटकात घडलेली ही मालिका मुळात केली गेली हिंदी आणि इंग्रजीत! आमच्या घरी ती हिंदीत लागे. मित्राचं हिंदी बेताचंच. मग आमचे चिरंजीव त्याच्या कानाशी लागून कन्नडमध्ये भाषांतर करत. दोन वर्षांपूर्वी ज्याला ‘नीरु’ म्हणजे पाणी हे ठाऊक नव्हतं, तो आता मित्राला त्याच्याच भाषेत गोष्ट सांगत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. पोळी करपली तरी चालेल, पण ते ऐकावं असं वाटे.

मालिका बघताना चिरंजीवांनी पुस्तकाचा हट्ट धरला. मग रात्री झोपताना मी पुस्तकातलं एकेक प्रकरण इंग्रजीतून वाचून मराठीत सांगू लागले. त्यात एक प्रकरण आहे. शाळेत राजम नावाचा नवा मुलगा येतो. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, ऐटबाज, फाडफाड इंग्रजी बोलणारा. स्वामी त्याच्या मागेमागे असतो, म्हणून बाकीची मुलं स्वामीला ‘शेपटी’ म्हणू लागतात. राजमची शेपटी! कुत्र्याची असते, गाढवाची असते, तशी. स्वामी घरी येतो तो अगदी कोमेजून.

हे सांगताना माझ्या लक्षात आलं, शेजारी हालचाल थांबली होती. थोड्या वेळानं आवाज आला, “आई, कन्नडमध्ये शेपटीला काय म्हणतात माहीत आहे?”

“काय?”

“बाल.”

दिवाळीपासून रस्त्यावरून जाणारी वर्गातली मुलं आमच्या खिडकीकडे बघून ‘बाल, ए बाल’ अशी हाक मारत. सासूबाईंना ते ऐकून भरून येई. “बघा, परमुलखातली पोरं, पण आपल्या पोराला ‘बाळ’ म्हणतात!” आणि हा गृहस्थ मान खाली घालून गप्प राही. आजीचा आनंद मोडवेना, आणि आपला अपमान सांगवेना. बारा वर्षांच्या मुलाच्या पोटात केवढं मावतं बघा!

मुलं त्याला मित्राची शेपटी म्हणत होती. मित्र स्वतः तसं कधी म्हणाला नव्हता. पण एकदा सगळे हसले तेव्हा तोही हसला होता. तेवढं पुरे झालं. आमच्या मुलानं बाक बदलला, डबा वेगळा खायला लागला. विचारलं की ‘काही नाही’.

मुलांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये असं म्हणतात. तरी त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, “शाळेत जाऊन बाईंना भेटायचं का?” ह्यांनी विचार केला आणि म्हणाले, “शनिवारपर्यंत थांबू.”

शनिवार आला. चिरंजीव आतल्या खोलीत दार लोटून बसले. साडेसहाला दारावर टकटक झाली. मित्र उभा! चप्पल नेहमीसारखी जोडून ठेवली आणि कुणाकडे न बघता टीव्हीपुढे अज्जींच्या शेजारी बसला. मालिका सुरू झाली. आता भाषांतर कोण करणार? थोडा वेळ त्यानं कळ काढली, मग हळूच विचारलं, “अज्जी, एनु हेळ्ताने?” म्हणजे, तो काय म्हणतोय?

सासूबाईंच्या कन्नडचं भांडवल दहा शब्दांचं. बा, होगु, ऊटा, साकु, बेडा, नीरु, हालु अशी भाजीवाल्याच्या आणि दूधवाल्याच्या कृपेनं जमवलेली पुंजी. पण त्या डगमगल्या नाहीत. पडद्यावर हेडमास्तर स्वामीला छडी मारत होते, आणि सासूबाई सांगत होत्या, “मास्तर… ऊटा बेडा. स्वामी… होगु, होगु! साकु!” म्हणजे मास्तरांना जेवण नको, स्वामी जा जा, पुरे! मित्र गोंधळून एकदा पडद्याकडे, एकदा अज्जींकडे बघे. हे त्यांच्यापलीकडे बसून खाली मान घालून हसत होते.

दोन मिनिटं, चार मिनिटं. आतल्या खोलीचं दार जरा उघडलं. सासूबाईंनी स्वामीच्या वडिलांना ‘दूध’ केलं तेव्हा मात्र आतून किंकाळीच आली, “आजी, नाही गं! तसं नाहीये ते!” आणि चिरंजीव बाहेर येऊन दोघांच्या मध्ये धप्पकन बसले. तावातावानं सगळं पहिल्यापासून कन्नडमध्ये सांगू लागले. मित्र ऐकत होता. पुढे कधीतरी त्यानं मध्येच दोन शब्द हळू उच्चारले, आमच्या मुलानं खांदे उडवले, आणि दोघं पुन्हा पडद्याकडे बघू लागले. ते दोन शब्द कोणते, हे मी आजवर विचारलेलं नाही. सोमवारी डबा रिकामा आला.

मला वाटतं, जुन्या कौटुंबिक मालिकांचं मोल इथं आहे. मराठीतही आपण हे सुख अनुभवलं. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ दूरदर्शनवर आले तेव्हा आजी, नातू, शेजारपाजार सगळे एका खोलीत असत. त्या मालिकांत मुलांची दुःखं मुलांच्या मापाची होती, पण त्यांना कुणी हसण्यावारी नेत नव्हतं. पडद्यावरच्या मुलाला कुणी शेपटी म्हटलं, की घरातल्या मुलाला कळतं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही. मग जे स्वतःबद्दल सांगवत नाही ते स्वामीबद्दल बोलता येतं. आजकाल प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा. तो बघतो ते आपण बघत नाही, मग त्याच्या ‘काही नाही’चा अर्थ लागावा कसा?

पुढची परीक्षा सातवी संपताना आली. मित्राच्या वडिलांना आमच्या शाळेची हायस्कूलची फी झेपणार नव्हती. आठवीपासून तो सरकारी हायस्कुलात जाणार असं ठरलं. मुलांना हे कळलं त्या आठवड्यात पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उरलं होतं. दोघांनाही ऐकायचं होतं, म्हणून ते मी दिवसा, व्हरांड्यात वाचलं.

शेवट तुम्हाला ठाऊक असेल. क्रिकेटच्या सामन्याला स्वामी पोहोचला नाही म्हणून राजम त्याच्याशी बोलत नाही. राजमच्या वडिलांची बदली होते. पहाटे स्टेशनवर स्वामी एक गोष्टींचं पुस्तक भेट द्यायला घेऊन येतो. गाडी हलते तेव्हा ते मणीच्या हातून कसंबसं राजमपर्यंत पोहोचतं. राजम पत्र लिहील का, असं स्वामी विचारतो. मणी म्हणतो, लिहील. पण त्याच्याकडे माझा पत्ता कुठंय? मणी सांगतो, मी दिलाय. मग सांग बरं माझा पत्ता! मणीला काही सांगता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून स्वामीला काही कळतही नाही.

आमचा मुलगा म्हणाला, “म्हणजे मणी खोटं बोलला.” मित्र बराच वेळ गप्प होता. मग कन्नडमध्ये म्हणाला, आणि भाषांतर आमच्या मुलानंच केलं, “तो म्हणतोय, बोलला असेल. पण राजम गेला, मणी तर तिथंच उभा आहे ना!”

इतकी वर्षं ही गोष्ट मला राजमच्या जाण्याची वाटत आली होती. दांडगा, मागच्या बाकावरचा, परीक्षेत नापास होणारा मणी शेवटच्या पानावर स्वामीच्या शेजारी उभा आहे, हे तेरा वर्षांच्या मुलानं दाखवून दिलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. एकाचा गणवेश बदलला, दुसऱ्याचा तोच राहिला. दोघांना नवे मित्र मिळाले, ते मिळायलाच हवेत. आठवडाभर भेट होत नाही. अभ्यास वाढलाय, उद्या दहावी, मग कुठं कोण जाईल सांगता येत नाही. मैत्री शेवटपर्यंत टिकेल अशी हमी कोणत्या आईला देता येते? आपल्या हातात तेवढं नसतंच. आपल्या हातात असतं ते एवढंच, की आठवड्यातून एक संध्याकाळ घरातला दिवा, टीव्ही आणि जागा सगळ्यांची असावी, आणि मुलाच्या मित्राला ती आपलीही आहे असं वाटावं. भांडण झालं असेल तर त्यानं यायला काहीतरी निमित्त असावं.

सासूबाईंच्या शब्दांची पुंजी आता वीसवर गेली आहे. त्यात ‘बाल’ही आहे. आता खिडकीखालून कुणी तशी हाक मारली, तर त्या काठी घेऊन बाहेर येतात.