रेघ

कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. असे अकरा दोरे कापले. घट्ट मुळं राहिली तीन. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि झाड उघडंच वर्तमानपत्रावर ठेवलं. रोज पाणी घालणारे होते, बघणारं कुणी नव्हतं.

'अति तेथे माती,' शेजारच्या काकू म्हणाल्या आणि गेल्या. म्हण मात्र बसून राहिली.

कारण या ऑर्किडला मातीच लागत नाही. रानात ते दुसऱ्याच्या खोडावर राहतं. बांडगुळासारखं शोषत नाही, नुसतं टेकतं. मुळांवर स्पंजासारखं आवरण, भिजलं की हिरवट, वाळलं की चंदेरी. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथल्या झाडांवरच्या आमरी, म्हणजे ऑर्किडंच, तो सगळा अंगावर घेतात, वाऱ्यावर वाळतात, कुजत नाहीत. माझं झाड रोजच्या एका फुलपात्रानं आडवं झालं. मग अति कशाला म्हणायचं? पडणाऱ्या पाण्याला, की न जाणाऱ्या?

आणि माती? आमच्या गावाकडे मातीला जाणं म्हणजे मयतीला जाणं. तीच माणसं शेताला काळी आई म्हणतात. आजी ही म्हण वरणभातावर तुपाची तिसरी धार सोडताना म्हणायची. म्हणायची आणि सोडायची.

शेवटी तिची मूत्रपिंडं थकली तेव्हा दिवसाला ८०० मिली पाण्याची मुभा होती. बाटलीवर रेघ मी मारली होती. चहा, आमटी, औषधाचा घोट, सगळं त्यातच धरायचं. एप्रिल होता. ती बाटलीकडे बघायची, मग माझ्याकडे. 'रेघ कुठवर आली गं?' मी हिशोबाला चोख होते. पायांची सूज उतरली, त्याचा अभिमानही वाटत होता. एका दुपारी तिनं ओठांवर फिरवायला ओला कापूस मागितला. मी तोही रेघेत धरला. दोन चमचे असतील-नसतील. डॉक्टर बरोबर होते. मीही बहुधा असेन. तरी तो कापूस का धरला, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

झाड आता नारळाच्या सोडणाच्या आणि कोळशाच्या तुकड्यांत बसवलंय. एक मूळ चंदेरी दिसतंय, म्हणजे तहान असावी. काल रात्रीही तसंच वाटलं होतं, पण तेव्हा ट्यूबलाइट चालू होती.