शिझुओका : खेळण्यांचें शहर

जपानास जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा टोकिओ व क्योटो हीं दोन शहरें पाहतो, फुजी पर्वताचें दर्शन घेतो आणि परत फिरतो. या दोन शहरांच्या दरम्यान, टोकिओपासून सुमारें १८० किलोमीटरांवर, सुरुगा उपसागराच्या कांठीं शिझुओका नांवाचें शहर आहे. तेथें उतरून राहणारे आपले लोक फार थोडे. आमचा पुतण्या टोकिओंतील निशि-कासाई भागांत नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतो. त्याच्याकडे गेल्या वर्षीं, म्हणजे १९२५ नव्हे तर चांगल्या २०२५ सालच्या मे महिन्यांत, आम्ही राहिलों असतां हें शहर पाहण्याचा योग आला. अतिजलद गाड्यांपैकीं ‘नोझोमि’ येथें थांबत नाहीं. ‘हिकारि’ मिळाल्यास एका तासांत मनुष्य येऊन पोहोंचतो.

शहर जुनें आहे. जपानचा प्रसिद्ध राज्यकर्ता तोकुगावा इयेयासु हा अधिकारसूत्रें मुलाच्या हातीं देऊन १६०७ पासून येथेंच राहिला आणि १६१६ मध्यें येथेंच वारला. तेव्हां गांवाचें नांव सुन्पु होतें. येथील सेन्गेन देवालयाचा जीर्णोद्धार १८०४ मध्यें सुरू झाला, तो सुमारें ६० वर्षें चालला. त्यासाठीं सुतार, कोरीव काम करणारे व लाखकाम करणारे कारागीर ठिकठिकाणांहून आले आणि बरेचसे येथेंच स्थायिक झाले. देवालय पुरें झालें, तरी हातांतील विद्या स्वस्थ बसत नाहीं. हे लोक पेट्या, पाट, बाहुल्या व खेळणीं करूं लागले. आमच्या सावंतवाडीची चितारआळी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस लाकडाचा व रंगाचा तो वास येथेंही ओळखीचा वाटेल.

जून १९४५ मधील बाँबवर्षावांत शहराचा मोठा भाग जळाला. पुढच्याच वर्षीं योशिओ तामिया या गृहस्थानें येथें लांकडाची वखार व करवतकाम सुरू केलें. उरलेल्या लांकडाचा उपयोग करावा म्हणून जोडणीचीं खेळणीं निघूं लागलीं, आणि १९५३ मध्यें लांकडाचा व्यापार बंद होऊन खेळणीं हाच धंदा ठरला. इतक्यांत परदेशचीं प्लॅस्टिकचीं खेळणीं बाजारांत आलीं. लांकडाचें काम मागें पडलें. १९६० मध्यें तामियांनीं ‘यामातो’ युद्धनौकेची पहिली प्लॅस्टिक प्रतिकृति काढली. पण प्रतिस्पर्ध्याचा माल स्वस्त असल्यानें तींत तोटा आला. त्यानंतर काढलेल्या पँथर रणगाड्यानें मात्र हात दिला. चिरंजीव शुन्साकु तामिया यांच्या हातीं कारभार आला, तेव्हां कंपनीचें नांव जगभर झालें.

या शुन्साकुंची एक गोष्ट तेथें सर्वजण सांगतात. पोर्शे मोटारीची हुबेहूब प्रतिकृति करावयाची, तर मोजमापें अचूक पाहिजेत. यासाठीं त्यांनीं एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून भाग न् भाग मोजला. सुटी केलेली गाडी पुन्हां जोडतांना मात्र पोर्शेच्याच जाणकारांस बोलवावें लागलें! या खटाटोपांतून १९७६ मध्यें पोर्शे ९३४ ची, मूळच्या एक-द्वादशांश आकाराची मोटार निघाली. तिला आंत विद्युत्-यंत्र होतें आणि ती दुरून रेडिओच्या लहरींवर वळत असे. रेडिओनें वाहन चालविण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. निकोला टेस्ला यांनीं १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत लहानशी नाव अशा रीतीनें चालवून दाखविली होती.

आमच्या घराशीं या शहराचा संबंध १९८६ पासूनचा आहे. आमचे थोरले बंधु व्यापारी जहाजावर अधिकारी होते. त्यांनीं त्या वर्षीं कोबे बंदरांतून आपल्या मुलासाठीं तामियांची ‘हॉर्नेट’ म्हणजे गांधीलमाशी नांवाची मोटार आणिली. ही १९८४ मध्यें निघाली होती. पुण्याच्या वाड्यांत बापलेकांनीं ती आठ दिवस खपून जोडली. रजा संपली, बंधु जहाजावर गेले. पुढें बॅटरी निकामी झाली आणि गाडी माळ्यावर गेली. तीन वर्षांपूर्वीं बंधु निवर्तले. माळा आवरतांना ती पेटी पुतण्याच्या हातीं लागली व तो ती जपानास घेऊन गेला. ती पुन्हां चालवावयाचीच, असा त्यानें व त्याच्या तेरा वर्षांच्या मुलानें निश्चय केला; आणि घरांत वादास प्रारंभ झाला.

सज्ज्यालगतच्या हातभर कपाटांत त्यांचा कारखाना. तेथील अडचणी ऐकण्यासारख्या आहेत. जुन्या बॅटरींतील क्षार बाहेर येऊन तारा हिरव्या पडल्या होत्या. टायरांस भेगा गेल्या होत्या. त्या काळीं वेग कमीजास्त करण्यास एक धातूची पट्टी दुसऱ्या पट्ट्यांवरून सरकत असे व जादा वीज एका रोधकांत जाऊन तापत असे. त्या पट्ट्या गंजल्या होत्या. सर्वांत त्रास दिला तो स्क्रूंनीं. पुण्याहून नेलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनें त्यांचीं तोंडें गुळगुळीत होऊं लागलीं. जपानी स्क्रूची फुली दिसण्यांत आपल्यासारखीच, पण तिची घडण किंचित् निराळी. आपलें हत्यार तींत पुरतें बसत नाहीं. जपानी मापाचें हत्यार आणल्यावर स्क्रू निमूट सुटले. दुसरी युक्ति नातवानें आम्हांस दाखविली : प्लॅस्टिकमध्यें स्क्रू परत बसवितांना तो आधीं उलटा फिरवावा, ‘टक्’ असा आवाज होऊन तो जुन्या आट्यांत उतरला, कीं मग सुलटा पिळावा. नाहींतर नवे आटे पडून भोंक सैल होतें. चाळीस वर्षें मुलांस शिकविलेल्या माणसानें मुलाकडून हें शिकावें, यांत आम्हांस मोठा आनंद वाटला.

दंतचक्रांची पेटी उघडली तेव्हां एक दांता तुटलेला निघाला. येथें सूनबाईंचें म्हणणें असें, कीं इतका पैसा व वेळ घालण्यापेक्षां नवी गाडी घ्यावी, अथवा हा नादच सोडावा. मुलाची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली आहे. तिचें बोलणें गैर नव्हतें. परक्या देशांत मुलाच्या शिक्षणाची काळजी आईस अधिकच असते. ‘काका, तुम्ही शिक्षक, तुम्हीच काय तें सांगा,’ असें तिनें आम्हांवर सोंपविलें.

शिझुओकास जाण्याचें खरें कारण हेंच. दरवर्षीं मे महिन्यांत तेथें छंदवस्तूंचें प्रदर्शन भरतें. नव्या मोटारी तेथें मांडलेल्या असतात. पण त्यांतील कित्येक नव्या नसून जुन्यांचाच पुनरवतार असतो, हें पाहून आम्ही थबकलों. १९७९ ची ‘सँड स्कॉर्चर’ २०१० मध्यें पुन्हां निघाली. १९८८ ची ‘अवांते’ २०११ मध्यें आली. आणि आमची ‘हॉर्नेट’ २००४ मध्येंच परत आली आहे. २०२३ मध्यें निघालेली ‘बी. बी. एक्स.’ ही सर्वस्वीं नवी असली, तरी तिची नळ्यांच्या सांगाड्याची घडण जुन्या गाड्यांची आठवण करून देते. यंत्रें तेवढीं सुधारलीं. पूर्वीं २७ मेगाहर्ट्झच्या लहरीवर दोघांचीं स्फटिकें जुळलीं तर एकाच्या कळीनें दुसऱ्याची गाडी पळे, हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत तें भय राहिलेलें नाहीं.

पुनरवताराचा लाभ असा, कीं नवी गाडी निघाली म्हणजे जुनीचे सुटे भागही मिळूं लागतात. तुटक्या दांत्याचें चक्र आम्हांस सहज मिळालें. जपानांतच इसे येथील देवालय दर २० वर्षांनीं नव्या लांकडानें जुन्याच नमुन्यावर बांधतात. २०१३ मध्यें तें ६२ व्या वेळीं बांधलें. लांकूड जातें, पण सुताराची विद्या एका पिढींतून दुसरींत उतरते. खेळण्यांच्या या शहरासही तीच परंपरा अंगवळणीं पडलेली दिसते.

मृच्छकटिकांत चारुदत्ताचा मुलगा शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठीं रडतो व मातीची गाडी त्यास नकोशी होते. ज्या गाडीचें चाक आपण स्वतः बसविलें, ती मातीची असली तरी मुलास अशी परकी वाटत नाहीं, असें आम्हांस वाटतें. आम्हीं सूनबाईंस सांगितलें तें असें : आठवड्याचे पांच दिवस अभ्यास, शनिवारीं संध्याकाळीं दोन तास कपाटाचा कारखाना, आणि काय बिघडलें, कशानें सुधारलें, हें मुलानें स्वच्छ मराठींत वहींत लिहावें. तिनें हें मान्य केलें. घरीं मराठी लिहिण्याचा प्रसंग त्यास दुसरा नव्हताच.

गाडीचें वरचें कवच पारदर्शक प्लॅस्टिकचें असून त्यास रंग आंतून द्यावा लागतो. त्यामुळें बाहेर कितीही ओरखडे पडले तरी रंग जात नाहीं. बंधूंनीं १९८६ मध्यें दिलेला तांबडा रंग तसाच होता. एका कोपऱ्यांत त्यांच्या कुंचल्याचा थेंब ओघळलेलाही स्पष्ट दिसला. पुतण्यानें दंतचक्र, टायर, तारा व रेडिओ बदलला. कवच मात्र बदलूं दिलें नाहीं. आराकावा नदीच्या कांठीं गाडी धांवली, तेव्हां त्यानें कळ मुलाच्या हातीं दिली आणि आपण बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा राहिला. सूनबाईंनीं मग कांहीं विचारलें नाहीं.

आम्ही परतल्यावर, जुलै २०२५ मध्यें, शुन्साकु तामिया वयाच्या ९० व्या वर्षीं वारल्याचें वृत्त आलें. नातवानें वहीचें एक पान त्यांच्यावर लिहून आम्हांस पाठविलें. व्याकरणाच्या चार चुका होत्या. त्या दुरुस्त करून पान परत पाठविलें आहे.

कोणी जपानास जाणार असल्यास एक दिवस या शहरासाठीं राखावा. स्थानकाच्या आसपास प्लॅस्टिकच्या जोडखेळण्यांच्या चौकटीसारखीं स्मारकें उभारलीं आहेत, तीं मुलांस आवडतील. मोठ्यांनीं सेन्गेन देवालय व कुनोझान येथील इयेयासूचें समाधिस्थान पाहावें. येथील हिरवा चहा उत्तम. शाकाहारी मंडळींनीं डबा बरोबर न्यावा; साध्या दिसणाऱ्या सारांतही मासळीचा अर्क असतो. आणि मुलासाठीं खेळणें घ्यावयाचें झाल्यास जोडलेलें घेऊं नये, सुटें घ्यावें. योग्य मापाचा स्क्रू-ड्रायव्हर त्याबरोबरच घ्यावा.