दापोलीच्या वाटेवर, कौलांच्या पाख्यावर

वाचकहो, मे महिन्यात तुम्ही कधी कुंभार्ली घाट उतरून कोकणात गेला आहात का? आपल्याला घाटावर त्या दिवसांत नांगरट आणि बियाणे यांपलीकडे काही सुचत नाही. पण चिपळूण, खेड मागे टाकून दापोलीच्या रस्त्याला लागलात, की घराघरावर माणूस चढलेला दिसेल. मिरगाआधी कौले परतायची, फुटकी काढायची, साचलेला पाला झाडायचा, हे तिकडचे दरवर्षीचे काम. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे. एक कौल फुटके राहिले तरी कणगीला ओल लागते.

आम्ही पंधरा-वीस शेतकऱ्यांना घेऊन कृषी विद्यापीठ पाहायला गेलो होतो. १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. तिथला दातेरी, हलका वैभव विळा मंडळींनी हातात धरून पाहिला, बऱ्याच जणांनी विकतही घेतला. त्याबद्दल तुम्ही पूर्वी वाचलेच असेल. मला सांगायचे आहे ते मुक्कामाच्या घरी संध्याकाळी पाहिले त्याबद्दल.

घर समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याचे एक पाखे उडाले, तिथे आता पत्रा आहे. दुसऱ्या पाख्यावर अजून मंगळुरी कौले. साठीचे एक गृहस्थ, सारे त्यांना तात्या म्हणत, वर काम करीत होते. त्यांच्या हातातले हत्यार मला नवीन वाटले. खाली आल्यावर मी ते मागून घेतले.

मोटारीच्या जुन्या पाट्याची हातभर पट्टी, टोकाला पातळ केलेली, आणि तिला धामणीची मूठ. मूठ पट्टीच्या रेषेत नव्हती. गवंड्याच्या थापीसारखी वर उचललेली होती.

"पहिली नुसती सळई होती, साहेब," तात्या म्हणाले. "ती कौलाखाली सारायची तर मनगट वाकवायला लागायचं. दुपारपर्यंत बोटं बधिर. माझा जोडीदार तसाच पडला. कौल सरकलं नाही, शिडी हलली नाही; हातातलं आढंच सुटलं."

जोडीदार दोन वर्षे अंथरुणावर आहे. नाचणीची लावणी आता त्याची बायको एकटी करते. तात्यांनी हे हत्यार लोहाराकडून करून घेतले ते त्यानंतर.

तात्यांचे म्हणणे खरे का, ते तुम्ही बसल्या जागी पाहा. मनगट आतल्या बाजूला होईल तितके वाकवा आणि मग मूठ घट्ट आवळून बघा. आवळत नाही ना? आता मनगट सरळ करा. म्हणून हत्यार वाकवावे, मनगट वाकवू नये. बारीक सळई धरायलाही फार जोर लागतो. मूठ इतकी जाड हवी, की अंगठा पहिल्या बोटाच्या टोकावर जेमतेम यावा. बहुतेकांना तीन ते चार सेंटिमीटर पुरते. लांबी तळहाताच्या थोडी बाहेर निघावी, नाहीतर टोक तळव्यात रुतते. आणि मूठ अगदी गोल नको, किंचित चपटी असावी, म्हणजे घामाने फिरत नाही. चढताना तात्या ते हत्यार कोयत्यासारखे कमरेच्या आकडीला अडकवतात. दोन्ही हात शिडीला मोकळे.

(शिडीचे निघालेच आहे म्हणून: चार हात उंचीला पाय एक हात बाहेर ठेवा. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर कधीच पाय देऊ नका. तो इशारा न देता फुटतो.)

पहिली मूठ लोहाराने फार जाड केली होती. दुसरी आखूड झाली. तिसरी बसली. हे ऐकताना मला माझेच एक जुने प्रकरण आठवले. नोकरीच्या सुरुवातीला एका योजनेतून आम्ही खुरपी वाटली, सगळी एका मापाची. वर्षाने पाहतो तर ती वाशांना टांगलेली. मी अहवालात लिहिले, 'महिलांचा प्रतिसाद अल्प.' त्यांचा हात केवढा असतो हे ना मी विचारले, ना मागवणाऱ्याने. तो अहवाल माझ्या सहीचा आहे.

घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या. मुलगे मुंबईला, श्रावणात एखादे कौल सरकले तर वर त्याच चढतात, हे मला तेव्हा कळले.

"तात्या, मला पण एक करून द्या. पण तुमच्याएवढी मूठ माझ्या हातात मावायची नाही."

तात्यांनी पडवीतला सुंभाचा तुकडा घेतला. "हात पुढं करा, वहिनी. लाटणं धरता तशी मूठ करा." मुठीत राहिलेल्या पोकळीतून त्यांनी सुंभ फिरवला, जिथे टोके जुळली तिथे गाठ मारली आणि तो बंडीच्या खिशात ठेवला.

सकाळी आमची गाडी निघाली तेव्हा ते लोहाराच्या वाटेला लागले होते.