उलटं उघडणारं पुस्तक

बी.एड. झाल्यावर शाळेत नोकरी लागेपर्यंत अकरा महिने मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोजंदारीवर होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे, आणि थोडी तिथल्या यादीचीही. अब्बांना हे काम पसंत नव्हतं. "दोन दोन भाषा शिकून पुस्तकांची हमाली?" असं ते म्हणाले होते. अम्मीनं मात्र पहिल्याच दिवशी डबा भरून हातात दिला.

ग्रंथालय दोन जागी होतं. मुंबई विद्यापीठाचं जसं फोर्टात एक आणि कालिन्यात एक, तसाच प्रकार. आमच्याकडे जुनी शाखा शहराच्या मध्यावर, नवी शाखा शहराबाहेरच्या आवारात. मी जुन्या शाखेत. नव्या शाखेतल्या वाचकाला आमच्याकडचं पुस्तक हवं असेल तर त्यानं तिथेच मागणीची चिठ्ठी भरायची. त्या चिठ्ठ्या मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे यायच्या आणि त्याच गाडीतून आधीच्या खेपेच्या चिठ्ठ्यांची पुस्तकं खाकी कॅनव्हासच्या थैलीत परत जायची.

काम साधं वाटतं, पण त्याला एक शिस्त होती. चिठ्ठ्या आल्या की आधी वर्गांकाप्रमाणे लावायच्या, म्हणजे रॅकमधून एकाच फेरीत सगळी पुस्तकं निघतात. तसं केलं नाही तर पाय दिवसभर जिने चढतात. पुस्तक काढलं की त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची. वहीत दाखलांक लिहायचा, चिठ्ठी पुस्तकाला रबरानं बांधायची. पुस्तक जागेवर नसेल तर ते वाचकाकडे आहे का, बांधणीला गेलंय का, परत आलेल्या ढिगात पडलंय का, हे बघायचं. कुठेच नसेल तर चिठ्ठीवर लिहायचं: उपलब्ध नाही. हे दोन शब्द लिहायला काही सेकंद लागतात. शुक्रवारी जुम्याच्या सुमारास गाडी निघायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आणि त्या घाईत हे शब्द फार सहज हातातून उतरायचे.

ग्रंथपाल बाईंच्या टेबलामागे डॉ. रंगनाथन यांचा फोटो होता. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यातलेच दोन. बाई नव्या माणसाला ते पाठ करायला लावायच्या. मलाही पाठ होते.

उर्दू पुस्तकं मात्र या सगळ्या शिस्तीच्या बाहेर होती. यादी रोमन अक्षरात टाइप केलेली, आणि टाइप करणाऱ्याला उर्दू येत नसावं. एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. 'दकन' कुठे 'डी-ए-के' असं सुरू व्हायचं, तर कुठे इंग्रजी 'डेक्कन' व्हायचं. त्यात पुस्तक उजवीकडून उघडतं हे ध्यानात न घेतल्यामुळे तारखांची चिठ्ठी शेवटच्या पानाला डकवलेली आणि शिक्का उलटा. मला हसू यायचं. आपल्याला उर्दू येतं म्हणून आपण या खात्याच्या राण्या, असा एक तोरा अंगात आला होता. उर्दूची चिठ्ठी आली की इतर कुणाला मी हातच लावू देत नसे.

पावसाळ्यात एक चिठ्ठी आली. मौलवी अब्दुल हक यांचं 'मरहठी ज़बान पर फ़ारसी का असर'. बाबा-ए-उर्दू म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हे अब्दुल हक. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम त्यांनी बरीच वर्षं आपल्या औरंगाबादेतून चालवलं. मराठीत रोज बोलताना आपण अर्ज, तारीख, वकील, दफ्तर म्हणतो. फारसीतून मराठीत आलेल्या अशा खुणांचं हे पुस्तक. चिठ्ठीवर वर्गांक नव्हता, कारण वाचकाला यादीत नाव सापडलंच नव्हतं. तिनं उर्दूत सुबक अक्षरात पुस्तकाचं नाव लिहून खाली 'शक्य तितक्या लवकर' असं मराठीत जोडलं होतं.

मी उर्दूच्या रॅककडे गेले. भाषेचा 491.439 पाहिला, साहित्याचा 891.439 पाहिला. नव्हतं. उपलब्ध नाही.

पुढच्या आठवड्यात तीच चिठ्ठी पुन्हा आली. या वेळी कोपऱ्यात लिहिलं होतं, 'कृपया पुन्हा पाहावे, या ग्रंथालयात हे पुस्तक माझ्या सरांनी स्वतः वाचले आहे.' मला राग आला, खरं सांगते. मी तेच दोन रॅक पुन्हा पाहिले, या वेळी अधिक भराभर, आणि तेच दोन शब्द लिहिले, या वेळी अधिक ठळक.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका शनिवारी ती स्वतः आली. बुरख्याची कड भिजलेली, कडेवर चारेक वर्षांचा मुलगा. तालुक्याच्या गावाहून एस.टी.नं यायची. आठवड्यातून एकच दिवस घरून निघता यायचं, म्हणून स्टँडजवळची नवी शाखाच तिला सोयीची होती. काउंटरवर तिनं माझ्या दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं, आपा."

"आपण कुठे कुठे पाहिलं होतं?"

यावर मला उत्तर देता येईना. शिपाई काका शेजारीच टपाल लावत होते. त्यांनी विचारलं, कसलं पुस्तक? मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "उर्दूतलं, मराठीवरचं ना? ते उलटं उघडणारं? ते मराठी व्याकरणाच्या रांगेत आहे, खालच्या कप्प्यात. झाडताना दर वेळी मीच सरळ करून ठेवतो."

491.46. मराठी भाषा. पुस्तक उर्दूत लिहिलेलं असलं तरी विषय मराठीचा, म्हणून कुणीतरी विचार करून ते अगदी योग्य जागी ठेवलं होतं. दामले, मोरो केशव, यांच्या व्याकरणाच्या शेजारी. ज्याला उर्दूचं अलिफ ठाऊक नाही त्या माणसाला ते माहीत होतं, आणि मला नव्हतं.

मी धावत जाऊन पुस्तक आणलं. ते हातात घेऊन आपांनी सांगितलं की एम.फिल.ची प्रबंधिका त्यांनी आदल्या सोमवारीच दिली. मुदत वाढवून मिळाली नाही. फारसी शब्दांचं जे प्रकरण या पुस्तकावर उभं राहणार होतं, ते चार पानांत गुंडाळलं. आज त्या आल्या होत्या त्या अनामत रक्कम परत घ्यायला, आणि जाता जाता विचारायला.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता मिळालंय तर वाचून तरी जाते." वाचनकक्षात त्या दोन तास बसल्या. मुलगा बाकावर झोपला. त्या वहीत शब्द उतरवून घेत होत्या, जणू परीक्षा अजून व्हायचीच आहे. मी दोनदा चहा विचारायला गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मलाच बसवून घेतलं आणि एक शब्द दाखवला, "हा तुमच्याकडे बोलतात का?" आमच्याकडे बोलायचे. दादीच्या तोंडी होता. त्यांनी त्यापुढे बरोबरची खूण केली.

त्या रात्री अब्बांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, सोड ते काम. ते काही वेळ गप्प राहिले. मग मक्का फतह झालं त्या दिवसाची गोष्ट त्यांनी काढली. काबाची किल्ली हजरत मुहम्मद (स.) यांनी उस्मान बिन तल्हा (रजि.) यांच्याच हाती परत दिली, ही गोष्ट आम्हा भावंडांना लहानपणापासून पाठ. सूरह निसामधला अमानतीचा हुकूम समजावताना तफसीरमध्ये हीच घटना सांगतात. "किल्लीचं वजन ते केवढं असतं," एवढंच अब्बा म्हणाले आणि नमाजला उठले. हमालीचा शब्द मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

सोमवारी मी ग्रंथपाल बाईंकडे गेले. झालेलं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, पण रंगनाथनांच्या फोटोकडे बघून गप्प बसल्या, ते जास्त लागलं. मग त्यांनी मला जोडकार्डं करायची परवानगी दिली. एकेका उर्दू पुस्तकासाठी जितकी रोमन स्पेलिंगं शक्य, तितकी कार्डं, सगळी मूळ वर्गांकाकडे नेणारी. तारखांच्या चिठ्ठ्या काढून पहिल्या पानाला, म्हणजे उजवीकडच्या पुठ्ठ्याला, डकवल्या. रमजानचे दिवस होते. दुपारी डिंकाचा वास नको व्हायचा, तेव्हा काका ब्रश हातात घ्यायचे आणि मी फक्त कुठे ते दाखवायची. ते दर पुस्तकाला विचारायचे, "हीच सुरुवात ना, नक्की?"

काम पूर्ण झालं नाही. शाळेचं पत्र आलं तेव्हा अर्धी कपाटं राहिली होती. माझ्या जागी एक मुलगा आला, उर्दू न येणारा, पण चटपटीत. शेवटच्या दिवशी मी त्याला चिठ्ठी भरायला शिकवलं. पुस्तक मिळालं नाही तर नुसतं 'नाही' लिहायचं नाही. कुठल्या रॅकमध्ये पाहिलं, कुठली वही पाहिली, कुणाला विचारलं, तेही लिहायचं.

तो चिठ्ठी उलटसुलट करून बघत म्हणाला, "मॅडम, पण एवढी जागा कुठे आहे यावर?"

खरंच नव्हती. मी म्हटलं, मागच्या बाजूला लिही.