बिळातील महाकाय कोळीण

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येस सुरिनाम, गयाना, व्हेनेझुएला व उत्तर ब्राझील या प्रदेशांत एक निबिड अरण्य पसरलेले आहे. तेथील वृक्ष इतके उंच आणि त्यांच्या शेंड्यांची दाटी इतकी, की भर मध्यान्हीही जमिनीवर सायंकाळचा अंधुक उजेड असतो. सूर्य मावळला, बेडकांनी आणि रातकिड्यांनी आपला सूर धरला, की ओल्या पालापाचोळ्यातील एका बिळाच्या तोंडाशी काहीतरी हलते. आधी एक केसाळ पाय बाहेर येतो. मग दुसरा, मग तिसरा. बिळाची मालकीण उंबरठ्यावर येऊन बसते आणि दगडासारखी निश्चल होते.

ही जगातील सर्वांत वजनदार कोळ्यांपैकी एक होय. पाय पसरले म्हणजे जेवणाचे ताट भरून जावे, एवढी ती मोठी असते. तिचा विस्तार सुमारे 28 सेंटीमीटरांपर्यंत आणि वजन 170 ग्रॅमपर्यंत भरते. घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा आपला कोळी तिच्या शेजारी म्हणजे हत्तीपुढे उंदीर! लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1804 साली या जातीचे प्रथम वर्णन केले. शास्त्रात तिला 'थेराफोसा ब्लाँडी' म्हणतात. परंतु लोकांत ती 'पक्षी खाणारी' म्हणूनच प्रसिद्ध आहे.

हे नाव कोठून आले, ते पाहण्यासाठी तीनशे वर्षे मागे गेले पाहिजे. 1699 साली मारिया सिबिला मेरियन नावाची एक चित्रकर्ती आपल्या धाकट्या मुलीसह ॲमस्टरडॅमहून सुरिनामला गेली. तेव्हा तिचे वय 52 वर्षांचे होते. किडे-सुरवंट पाहण्यासाठी एका स्त्रीने समुद्र ओलांडावा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. आजारपणामुळे 1701 साली तिला परतावे लागले. पण 1705 साली तिचा चित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्रात पेरूच्या झाडावर एक मोठा केसाळ कोळी चिमुकल्या हमिंगबर्डला खात असलेला दाखविला होता. पुढच्या काळातील काही विद्वानांनी त्याला कल्पनेचा खेळ ठरविले. परंतु हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने 1863 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहिले, की ब्राझीलमध्ये त्याने स्वतः एका झाडाच्या खोडावर मोठ्या कोळ्याच्या तावडीत सापडलेले लहान पक्षी पाहिले. मेरियनबाईंच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी त्यांच्या चित्राच्या बाजूने अशी साक्ष मिळाली.

मात्र मेरियनबाईंच्या चित्रातला कोळी झाडावर राहणाऱ्या जातीचा होता. त्या भाऊबंदाची कीर्ती, किंवा अपकीर्ती म्हणा, जमिनीखालच्या या कोळिणीलाही चिकटली. वास्तविक पक्षी तिच्या वाट्याला क्वचितच येतो. गांडुळे, कीटक आणि बेडूक हेच तिचे नित्याचे अन्न. एखादे वेळी सरडा किंवा उंदीरही सापडतो.

तिला आठ डोळे असूनही दृष्टी अगदी मंद आहे. पायांवरील केस हेच तिचे खरे डोळे. बिळाला आतून रेशमासारख्या धाग्यांचे अस्तर असते आणि काही धागे दाराबाहेरही पसरलेले असतात. त्यांवरून कोणी चालले, की जमिनीतून येणाऱ्या सूक्ष्म कंपनांनी घरात वर्दी पोचते. मग क्षणार्धात झडप पडते आणि दोन सेंटीमीटरांहून लांब असे विषदंत भक्ष्यात रुततात. तिला घास चावून गिळता येत नाही. ती भक्ष्यावर पाचक रस सोडते आणि पातळ झालेले अन्न शोषून घेते.

एवढे सामर्थ्य असूनही ती स्वतः होऊन माणसाच्या वाटेस जात नाही. कोणी फार जवळ आले, तर ती प्रथम पायांवरील राठ केस एकमेकांवर घासून फुत्कारासारखा आवाज काढते. तेवढ्याने भागले नाही, तर मागच्या पायांनी आपले पोट घासून तेथील बारीक काटेरी केस हवेत उडविते. ते डोळ्यांत वा कातडीत रुतले, की असह्य आग होते. चावा हा तिचा अखेरचा उपाय. तोही गांधीलमाशीच्या दंशासारखा वेदना देतो. परंतु त्याने माणूस दगावत नाही.

या काटेरी केसांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो कळला म्हणजे तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटते. अंडी घालण्याची वेळ आली, की कोळीण धाग्यांची पिशवी विणते. त्या अरण्यात काही चिमुकल्या माश्या असतात. त्यांच्या अळ्या अशा पिशवीत शिरल्या, तर आतील अंड्यांचा फन्ना उडवितात. म्हणून ती आपल्याच पोटावरचे केस झाडून पिशवीच्या विणीत गुंफते. 1990 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही काटेरी वीण अशा अळ्यांना आत शिरू देत नाही. जे शत्रूला शस्त्र, तेच पिलांना पाळण्याचे कुंपण! आईच्या पोटावर टक्कल पडते. पण पिले सुखरूप राहतात.

झडलेले केस पुढे कात टाकताना पुन्हा येतात. तो प्रसंगही कठीण असतो. ती धाग्यांची चटई विणते, तिच्यातही केस मिसळते आणि पाठीवर उताणी पडून जुने कवच सोडते. तेव्हा तिचे विषदंतही पांढरे व मऊ असतात. अरण्यातील ही बलाढ्य शिकारीण त्या वेळी अगदी असहाय असते. नराचे आयुष्य थोडके. वयात आल्यावर काही महिन्यांतच तो मरतो. मादी मात्र पंधरा-वीस वर्षे जगते.

व्हेनेझुएलातील पियारोआ लोक या कोळिणींना पकडून, केस जाळून, भाजून खातात. ज्या प्राण्याच्या नुसत्या चित्राने दूरच्या माणसांना कापरे भरते, तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. भीती बहुधा दुरूनच मोठी दिसते.

आपल्या सह्याद्रीतही बिळात राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत. दरडीच्या मातीत धाग्यांनी मढविलेले एखादे गोल भोक दिसले, तर त्यात काडी खुपसण्याचा मोह कोणालाही होईल. त्या क्षणी क्षणभर थांबावे. आत कदाचित एखादी आई आपली पिशवी राखीत बसलेली असेल.